फाइल तर बरोबर दिसतेय

“ताई, फाइल तर बरोबर दिसतेय.” शेजारी बसणारी सहकारी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली. तिच्यासमोर दोन खिडक्या उघड्या होत्या. डावीकडे काल चाललेली फॉरमॅट फाइल, म्हणजे येणाऱ्या डेटा फाइलीतला कुठला कॉलम कुठे संपतो आणि टेबलात कुठे जातो हे सांगणारी छोटी फाइल; उजवीकडे आज न चालणारी. दोन्ही अक्षर न् अक्षर सारख्या. खाली एरर होती: आयओ एरर व्हाइल रीडिंग बीसीपी फॉरमॅट फाइल. बीसीपी म्हणजे एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसात फाइलीतला डेटा एकदम भरणारं साधन. वाचतानाच बिघडतंय म्हटल्यावर तिचं वाचण्याशी संबंधित सगळं तपासून झालं होतं. डिस्कवरची जागा, फोल्डरच्या परवानग्या, पाथमधलं स्पेलिंग, दुसऱ्या कुणी फाइल उघडून तर ठेवली नाही ना, हेही. मी कर्सर शेवटच्या ओळीच्या टोकाला नेला, एकदा एंटर दाबलं, सेव्ह केलं आणि इम्पोर्ट सुरू झालं. बीसीपीला फॉरमॅट फाइलची शेवटची ओळसुद्धा नव्या ओळीच्या खुणेने संपलेली लागते. तिच्या एडिटरने सेव्ह करताना ती खूण छाटून टाकली होती. “एवढंच?” असं म्हणून ती पुढच्या कामाला लागली. माझ्या मनातून मात्र ते ‘एवढंच’ जाईना.

कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिने दोन फाइली शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिल्या होत्या, आणि जेवढं दिसत होतं तेवढं खरोखरच सारखं होतं. फरक होता तो न दिसणाऱ्या भागात. त्यावर कडी म्हणजे एररच्या मजकुराने तिला डिस्ककडे आणि परवानग्यांकडे पाठवलं, जिथे काहीच झालेलं नव्हतं. हे काम करणाऱ्या सगळ्यांच्या वाट्याला हे येतं. बल्क इम्पोर्ट, म्हणजे असंख्य ओळी एकदम टेबलात भरण्याचं काम, फसला की समोरचा माणूस प्रामाणिकपणे सांगतो, फाइल बरोबर आहे. पाठवणारा सांगतो, आमच्याकडून बरोबरच गेली. टेबल बनवणारा सांगतो, टेबलात काही बदललेलं नाही. तिघंही खरं बोलत असतात आणि इम्पोर्ट तरीही चालत नसतो.

फॉरमॅट फाइल मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिच्या कोरडेपणाने मी बिचकले होते. पहिल्या ओळीत आवृत्तीचा आकडा, दुसरीत कॉलमांची संख्या, मग प्रत्येक कॉलमची एकेक ओळ: अनुक्रम, प्रकार, प्रीफिक्सची लांबी, डेटाची लांबी, टर्मिनेटर (फील्ड संपल्याची खूण), टेबलातल्या कॉलमचा क्रमांक, त्याचं नाव, कोलेशन (अक्षरं कशी ताडायची आणि लावायची याचा नियम). ‘१, एसक्यूएलचार, ०, ५०, स्वल्पविराम, ३, शहर’ अशी ओळ वाचताना सुरुवातीला काही अर्थच लागत नाही. २००५च्या आवृत्तीपासून हेच एक्सएमएलमध्येही लिहिता येतं, आणि ते वाचायला सोपं आहे हे मान्य. पण माझा जीव जुन्या प्रकारावरच आहे. एसक्यूएल सर्व्हरचं मूळ सायबेसमध्ये. बीसीपी हे नाव आणि हा घाट तिथूनच आलेला. त्या आखीव रांगांमध्ये पंचकार्डाच्या ऐंशी कॉलमांच्या काळातली शिस्त दिसते. एका फील्डने कुठे सुरू व्हायचं, कुठे थांबायचं आणि टेबलातल्या कुठल्या घरात जाऊन बसायचं, एवढंच ती सांगते. टेबलाच्या कॉलमचा क्रमांक शून्य लिहिला की ते फील्ड वाचायचं आणि सोडून द्यायचं. फाइलीत आहे पण आपल्याला नको, हे इतक्या थोडक्यात सांगण्याची सोय मला फार आवडते.

गोम आहे ती ही फाइल तयार कशी होते यात. हाताने लिहायचा कंटाळा येतो, आणि तो साहजिक आहे. मग बीसीपीला ‘फॉरमॅट नल’ सांगितलं की ती आयती करून मिळते. पण ती कशावरून करून मिळते? टेबलावरून. येणारी डेटा फाइल त्या वेळी बीसीपीने पाहिलेलीही नसते. टेबलात सात कॉलम म्हणून सात ओळी, टेबलात शहराचं नाव तिसरं म्हणून तेही तिसरं, टर्मिनेटर जो आपण सांगू तो. म्हणजे येणाऱ्या फाइलीचं वर्णन म्हणून आपण जे वापरतो ते प्रत्यक्षात आपल्याच टेबलाचं वर्णन असतं. पाहुणा कसा असेल हे यजमानाने घरातल्या कपाटाच्या मापावरून ठरवलेलं असतं. जोवर पाठवणारा नेमकं तसंच पाठवतो तोवर हे खपून जातं. त्याने एक कॉलम मध्ये घातला, दोन कॉलमांची अदलाबदल केली, नावाभोवती अवतरणचिन्हं लावली, की एररींची रांग लागते आणि आपण म्हणतो, फॉरमॅट फाइलमध्ये काहीतरी गडबड आहे. गडबड फाइलीत नसते. ती ज्याचं वर्णन करते तेच आपण कधी पाहिलेलं नसतं.

मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो एररच्या पत्त्याचा.

‘ओळ १, कॉलम ७ मधली किंमत फार लांब आहे’ अशी एरर आली की माणूस डेटा फाइल उघडतो, पहिल्या ओळीतला सातवा कॉलम बघतो. तिथे पाच अक्षरं असतात. कॉलमची मर्यादा शंभरची. मग तो मर्यादा दोनशे करतो, पाचशे करतो, आणि एरर तशीच. खरं काय झालेलं असतं, तर ओळ कुठे संपते हेच वाचणाऱ्याला कळलेलं नसतं. फाइलीत ओळीच्या शेवटी एक खूण आहे, फॉरमॅट फाइल दुसरीच खूण शोधायला सांगतेय. त्यामुळे पहिल्या ओळीचा शेवटचा कॉलम संपतच नाही. तो दुसरी ओळ आत घेतो, तिसरी घेतो, आणि सगळी फाइल त्या एका कॉलमात जाऊ लागते. यंत्राच्या बाजूने बघितलं तर तक्रार शंभर टक्के खरी आहे. तो कॉलम खरंच फार लांब झालाय. त्याच एररच्या पुढच्या वाक्यात ‘फील्ड आणि ओळीचे टर्मिनेटर नीट दिलेत का ते पाहा’ असं चक्क लिहिलेलंही असतं, पण तिथपर्यंत वाचायच्या आत आपण कॉलमची लांबी वाढवायला धावलेलो असतो. त्याखाली आणखी दोन लाल ओळी येतात, ७३९९ आणि ७३३० क्रमांकाच्या: ‘बल्क’ नावाच्या ओएलई डीबी प्रोव्हायडरने काही कारण दिलं नाही, लिंक्ड (म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या) सर्व्हर ‘नल’वरून ओळ आणता आली नाही. सगळ्यात खाली असल्यामुळे नजर आधी त्यांच्यावरच जाते. लिंक्ड सर्व्हरची सेटिंगं तपासण्यात संध्याकाळ घालवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या प्रकल्पात लिंक्ड सर्व्हर नावाची गोष्टच नव्हती. कामाची ओळ सगळ्यात वरची असते. विणताना सुटलेला टाका जसा चार ओळी पुढे गेल्यावर भोक म्हणून दिसतो, तशी ही चूक घडते एकीकडे आणि सापडते दुसरीकडे. एरर सांगते ती सापडल्याची जागा.

ओळीच्या शेवटाचा हा गोंधळ जितका जुना तितकाच चिवट आहे. टेलिप्रिंटरच्या काळी नवी ओळ म्हणजे दोन वेगवेगळ्या हालचाली होत्या: छपाईचा ठोकळा डावीकडे परत आणायचा आणि कागद एक घर वर सरकवायचा. त्यासाठी दोन वेगळी चिन्हं होती, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की तक्त्यात ती १३ आणि १० क्रमांकावर बसली. पुढे विंडोजने दोन्ही ठेवली, युनिक्सने फक्त लाइन फीड ठेवलं. कागदही गेला आणि तो ठोकळाही गेला, पण लिनक्सवर तयार झालेली फाइल विंडोजवरच्या सर्व्हरला वाचायला दिली की आजही त्या दोन हालचाली मध्ये येतात. त्यातही एक खाचखळगा आहे. बल्क इन्सर्टमध्ये, म्हणजे हेच भरण्याचं काम करणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरच्या आदेशात, रो टर्मिनेटर (ओळ संपल्याची खूण) म्हणून बॅकस्लॅश-एन लिहिलं की तो आपणहून त्याच्या आधी कॅरेज रिटर्न धरून चालतो. आपण लिहिलेलं असतं एक आणि शोधलं जातं दुसरं. म्हणून फक्त लाइन फीडवर संपणाऱ्या फाइलीसाठी ते चिन्ह हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत), झीरो-एक्स-झीरो-ए असं लिहावं लागतं. ही गोष्ट ज्याला माहीत आहे त्याचं काम मिनिटात होतं आणि ज्याला माहीत नाही तो पाणावलेल्या डोळ्यांनी स्वल्पविराम मोजत बसतो. एवढ्या लहान माहितीवर एवढा फरक पडावा याचं मला अजूनही वाईट वाटतं.

दुसरी हळहळ आहे ती टर्मिनेटरांची. आस्कीमध्ये २८ ते ३१ या चार जागा नेमक्या याच कामासाठी राखलेल्या आहेत: फाइल सेपरेटर, ग्रुप सेपरेटर, रेकॉर्ड सेपरेटर, युनिट सेपरेटर. माणसाच्या लिखाणात ही चिन्हं येत नाहीत, म्हणजे डेटाशी टक्कर होण्याची भीती जवळपास नाहीच. आणि आपण काय निवडलं? स्वल्पविराम, जो पत्त्यात येतो, नावात येतो, रकमेत हजारांच्या जागी येतो. कारण अगदी मानवी आहे. स्वल्पविराम कीबोर्डवर आहे आणि डोळ्यांना दिसतो. ३१ क्रमांकाचं चिन्ह दिसत नाही. मग स्वल्पविरामाची बाधा टाळायला प्रत्येक किमतीभोवती अवतरणचिन्हं आली, आणि अवतरणचिन्ह किमतीच्या आतच आलं तर ते दोनदा लिहायचं हा नियम आला. २००५मध्ये सीएसव्हीबद्दलची, म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेल्या फाइलींबद्दलची, आरएफसी ४१८० ही नोंद निघाली तोवर प्रत्येकाने आपापली वहिवाट पाडलेली होती. एसक्यूएल सर्व्हरच्या बल्क इन्सर्टला तर अवतरणचिन्हं समजणारा सीएसव्ही प्रकार २०१७च्या आवृत्तीत मिळाला. त्याआधी, आणि जुन्या सर्व्हरांवर अजूनही, ही कसरत फॉरमॅट फाइलमधून करावी लागते: सुरुवातीला शून्य क्रमांकाचं एक खोटं फील्ड, जे पहिल्या अवतरणचिन्हाशी संपतं, मधल्या फील्डांचा टर्मिनेटर म्हणजे अवतरण-स्वल्पविराम-अवतरण ही तीन चिन्हं मिळून, आणि शेवटच्याचा टर्मिनेटर म्हणजे अवतरण आणि नवी ओळ. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

पण याच कसरतीत एक फट आहे, आणि तिथे एररसुद्धा येत नाही. समजा डेटाच्या ओळींना अवतरणचिन्हं आहेत, पण वरच्या शीर्षकाच्या ओळीला नाहीत. आपण ‘फर्स्ट रो दोन’ सांगतो, म्हणजे शीर्षक सोडून दे. पण वाचणारा शीर्षक ओळखत नाही. तो फक्त टर्मिनेटर मोजतो. पहिलं खोटं फील्ड अवतरणचिन्हाशी संपायला हवं. शीर्षकात अवतरणचिन्ह नाही, म्हणून तो शोधत पुढे जातो, ओळ ओलांडतो आणि डेटाच्या पहिल्या ओळीच्या पहिल्या अवतरणचिन्हाशी थांबतो. तिथून ती ओळ पूर्ण वाचतो. त्याच्या हिशेबी ही झाली ओळ पहिली, शीर्षक आणि डेटाची पहिली ओळ एकत्र. सांगितल्याप्रमाणे ती तो सोडून देतो. इम्पोर्ट यशस्वी होतो. स्क्रीनवर लाल काही नाही. रोज, प्रत्येक फाइलीतली पहिली नोंद टेबलात पोचतच नाही, आणि ओळींची संख्या कुणी मुद्दाम ताडून पाहिल्याशिवाय ते कळायला मार्ग नाही. ‘फर्स्ट रो’ हे शीर्षक वगळण्यासाठी नाहीच, असं मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. पण वापरतात सगळे त्यासाठीच. मला लाल एररींची भीती वाटत नाही. भीती वाटते ती या शांत यशाची.

अशा शांत यशाचा सगळ्यांनी पाहिलेला दाखला २०२०मधला. इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांकडून आलेले कोरोना चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात घेतले जात होते. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात; पुढच्या ओळी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायलाही उशीर झाला. त्याच वर्षी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने काही मानवी जनुकांची नावं बदलली, कारण ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकत होतं. यंत्राला तारीख वाटू नये म्हणून शास्त्रज्ञांनी नाव सोडलं. हे वाचलं तेव्हा मला एकाच वेळी राग आला आणि त्या समितीचं कौतुकही वाटलं. दोष कुणाचा हे ठरवत बसण्यापेक्षा त्यांनी पुढच्या संशोधकाची नोंद सुखरूप राहील असं पाहिलं.

आपल्या लिपीतली नावं या प्रवासात आणखी एका वळणावर अडखळतात. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत (म्हणजे एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त यांचे तीन-तीन वेगळे. म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’ हे डोळ्यांना चार अक्षरी नाव फाइलीत अकरा चिन्हांचं आणि तेहतीस बाइटांचं असतं. फॉरमॅट फाइलमधली लांबी बाइटांत मोजतात. तिथे वीस लिहिणाऱ्याने अक्षरं मोजलेली असतात, आणि वीस पुष्कळ झाले असं त्याला वाटलेलं असतं. एन्कोडिंग चुकलं तर प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ आणि त्यामागे एखादं अनोळखी चिन्ह, अशी रांगच्या रांग उमटते; कॉलम एन-व्हारचार (सगळ्या लिप्या सामावणारा) नसून नुसता व्हारचार असेल तर नुसती प्रश्नचिन्हं. विचित्र अक्षरं दिसली तर मला हायसं वाटतं, कारण बाइट शाबूत आहेत आणि ती परत वाचता येतील. प्रश्नचिन्हं झाली की नाव गेलं; ते टेबलातून परत मिळवता येत नाही, मूळ फाइलच शोधावी लागते. बल्क इन्सर्टला यूटीएफ-८चं ६५००१ हे कोडपेज (एन्कोडिंग कुठलं ते सांगणारा क्रमांक) २०१६च्या आवृत्तीत समजू लागलं. त्याआधी फाइल यूटीएफ-१६ करून घेणं हाच सरळ रस्ता होता. आणि यूटीएफ-८ फाइलीच्या अगदी सुरुवातीला कधी कधी तीन बाइटांची एक अदृश्य खूण असते. कोडपेज सांगितलेलं नसलं की ती पहिल्या कॉलमला चिकटते, आणि पहिला कॉलम आकड्याचा असेल तर ‘ओळ १, कॉलम १, प्रकार जुळत नाही’ अशी तक्रार येते. उघडून बघावं तर तिथे स्वच्छ ‘१’ लिहिलेला दिसतो.

म्हणून आता एरर आली की मी फाइल एक्सेलमध्ये उघडत नाही. एक्सेल आपल्या भल्यासाठीच सगळं सजवून दाखवतं: सुरुवातीची शून्यं काढतं, पंधराच्या पुढचे अंक शून्य करतं, अवतरणचिन्हं लपवतं. मी हेक्समध्ये पहिले शंभर-दोनशे बाइट बघते आणि शेवटचे तेवढेच. अगदी नवख्या माणसालाही आधी तेच शिकवते. झीरो-डी-झीरो-ए (म्हणजे दोन्ही चिन्हं) दिसलं का नुसतं झीरो-ए, सुरुवातीला ईएफ-बीबी-बीएफ आहे का, शेवटी नवी ओळ आहे का. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. त्याच बैठकीत फॉरमॅट फाइलच्या पहिल्या ओळीतली आवृत्तीही बघून घेते; नव्या बीसीपीने लिहिलेली फाइल जुना बीसीपी वाचू शकत नाही, आणि दोन मशीनांवर दोन आवृत्त्या असणं हे रोजचंच. मग पाठवणाऱ्याला विचारते: ओळ कशाने संपते, एन्कोडिंग कुठलं, मजकुरात अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ आली तर तुम्ही काय करता? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा आधी शांतता मिळते, कारण तो त्यांनाही कुणी विचारलेला नसतो. नमुना मागताना पहिल्या दहा ओळी मागत नाही. सगळ्यात लांब नावाची ओळ, रिकाम्या कॉलमांची ओळ आणि पत्त्यात स्वल्पविराम असलेली ओळ मागते. फॉरमॅट फाइल त्या ओळी समोर ठेवून लिहिते. आणि शक्य असेल तिथे सगळे कॉलम मजकूर म्हणूनच एका कच्च्या टेबलात उतरवते, तारखा आणि आकडे नंतर तपासून पुढे नेते. याला वेळ लागतो, जागा लागते, यावरून माझे वादही होतात. पण चुकीची तारीख कच्च्या टेबलात तिच्या मूळ रूपात डोळ्यांना दिसते, आणि ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल हे पाठवणाऱ्याला विचारता येतं.

एका बाबतीत मात्र मी अजून कुणाशी पूर्ण जुळवून घेऊ शकलेले नाही. बल्क इन्सर्टमध्ये कमाल चुकांची एक मर्यादा असते, आणि आपण काही सांगितलं नाही तर ती दहा धरली जाते. म्हणजे वाचता न आलेली एखादी ओळ बाजूला टाकून काम पुढे चालू राहतं. दहापर्यंत हे चालतं, त्याच्या पुढे गेलं की सगळा इम्पोर्ट रद्द. रात्रीचं काम अडू नये म्हणून ही मर्यादा हजारावर नेऊन ठेवलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. त्यामागचा ताण मला समजतो. पहाटे उठून एका ओळीसाठी लाखो ओळींचा इम्पोर्ट पुन्हा चालवणाऱ्याला विचारा. पण गळणारी ओळ कुठली असते? साध्या नावाची, साध्या पत्त्याची कधीच नसते. ज्याच्या नावात अवतरणचिन्ह आहे, ज्याचा पत्ता दोन ओळींत लिहावा लागतो, ज्याचं नाव आपल्या मर्यादेपेक्षा लांब आहे, ज्याची लिपी आपण गृहीत धरली नव्हती, तोच माणूस दर वेळी त्या दहांत असतो. आणि नोंद नसली की त्याला सांगितलं जातं, तुम्ही आमच्याकडे नाही. म्हणून मी ती मर्यादा परवडेल तितकी खाली ठेवते आणि एरर फाइल देण्याची सोय न चुकता वापरते, म्हणजे टाकलेल्या ओळी जशाच्या तशा एका बाजूला जमतात आणि कुठल्या ओळीचं काय बिघडलं ते शेजारच्या फाइलीत लिहिलेलं मिळतं. सकाळी किती लाख ओळी गेल्या हा आकडा सगळे विचारतात. मी आधी ती छोटी फाइल उघडते आणि त्यातली प्रत्येक ओळ शेवटपर्यंत वाचते.